बिल्टीची भाषा आणि वऱ्हाडचा कापूस

आमचा एक जुना विद्यार्थी अकोल्यात मालवाहतुकीच्या एका कचेरीत बुकिंगचे काम पाहत होता. दहावी उर्दू माध्यमातून झालेला, हिशेबाला चोख, अक्षर मोत्यासारखे. एके दिवशी यंत्रांच्या सुट्या भागांच्या पेट्या आल्या. दोन पेट्या आधीच फुटलेल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या, हमालांना सांभाळून चढवायला सांगितले आणि बिल्टी फाडून दिली. बिल्टीवर 'रिमार्क्स' नावाचा रकाना होता, तो कोरा राहिला. पलीकडे माल घेणाऱ्याने पेट्या फुटक्या म्हणून नुकसानी मागितली. बिल्टीवर तर काहीच लिहिलेले नव्हते, म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाला असा त्याचा अर्थ झाला. मालकाने ती रक्कम तीन महिने त्याच्या पगारातून कापली.

तो आम्हाला भेटायला आला तेव्हा एवढेच म्हणाला, "सर, देखा तो था मैंने. मगर वहाँ लिखना क्या था, ये समझा नहीं."

आम्ही त्या दिवशी निरुत्तर झालो. या मुलाला आम्हीच इंग्रजी शिकवले होते. गायीवर निबंध, आजारपणाचा रजेचा अर्ज, कर्तरी-कर्मणी प्रयोग हे सगळे त्याला येत होते. 'पेटी फुटलेली आहे' हे तीन शब्दांत इंग्रजीत बिल्टीवर लिहायचे असते, आणि त्या तीन शब्दांवर कुणाचा तरी तीन महिन्यांचा पगार अवलंबून असतो, हे मात्र आम्ही त्याला कधी सांगितले नव्हते.

तेव्हापासून आम्ही या बिल्टीच्या भाषेचा इतिहास शोधू लागलो. शोधता शोधता लक्षात आले की हा इतिहास आपल्याच दारातला आहे. व्यापारी इंग्रजी वऱ्हाडात पुस्तकातून आली नाही. ती कापसाच्या गाठीवर बसून आली.

लिव्हरपूलच्या बाजारातले अमरावती

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूस बाजारात हिंदुस्थानी कापसाचे भाव वेगवेगळ्या नावांनी पुकारले जात. ब्रोच म्हणजे भडोच, धोलेरा म्हणजे गुजरातेतले धोलेरा बंदर, हिंगणघाट म्हणजे वर्ध्याजवळचे हिंगणघाट. याच यादीत एक नाव होते 'ऊमरा'. उर्दू वाचकाला आधी उमरा आठवेल, पण हे नाव आहे आपल्या अमरावतीचे. इंग्रजी कागदावर अमरावतीचे 'ऊमरावती' झाले आणि दलालांच्या तोंडी त्याचे 'ऊमरा' उरले. वऱ्हाड आणि आसपासच्या मुलखातला कापूस जगभर याच नावाने विकला गेला. पुढे मुंबईच्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या वायद्यांतही हे नाव होते. ज्या शेतकऱ्याने तो कापूस पिकवला त्याला आपल्या गावाचे हे विलायती नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

रेल्वे येण्यापूर्वी हा कापूस जात कसा होता? वऱ्हाडचा बराच कापूस बैलांच्या पाठीवर लादून नागपूर, जबलपूरच्या बाजूने मिर्झापूरला गंगेच्या काठी जाई आणि तेथून नावांनी कलकत्त्याला. जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे अमरावतीहून कलकत्त्याच्या दिशेने पाठवले, आणि त्या वाटेवर तेव्हा बांधलेली सडक नव्हती. मुंबईकडे थेट कापूस नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ च्या सुमारास केला.

या सगळ्या व्यवहाराला कागद होता, पण तो आपल्या ओळखीचा होता. हुंडी होती, चिठ्ठी होती, वहीतली नोंद होती. मोडी, महाजनी, फारसी अशा लिप्यांत ती लिहिली जाई. गरीब माणसाला ती लिपीही वाचता येत नसे, हे खरे. पण कुणी वाचून दाखवली तर तिचा अर्थ त्याला कळत असे, कारण शब्द त्याच्याच बोलीतले होते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १८७१ साली बडनेरा ते अमरावती हा छोटा फाटा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अरुंद रूळ पडले. हीच आपली शकुंतला, कापूस मुख्य लोहमार्गावर आणून टाकण्यासाठी घातलेली.

एवढ्याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० साली मुंबई ते लंडन समुद्राखालची तार जोडली गेली. आता लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात महिन्यांनी नव्हे, त्याच हंगामात, जवळजवळ त्याच वेळी कळू लागला. पण कळू लागला कुणाला? ज्याला तार वाचता येत होती त्याला.

आणि तार वाचणे म्हणजे नुसती इंग्रजी येणे नव्हते. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक कोश तयार केले. १८७३ साली निघालेला 'एबीसी कोड' हा त्यातला फार प्रसिद्ध. त्यात एकेका शब्दाला पूर्ण वाक्याचा अर्थ दिलेला असे. एका शब्दात भाव, एका शब्दात गाठींची संख्या, एका शब्दात जहाज सुटण्याचा महिना. बाजारात बंडी घेऊन उभ्या असलेल्या कास्तकाराच्या डोक्यावरून ही भाषा अक्षरशः तारेवरून निघून जात होती.

एका कागदावर किती गोष्टी

कापसाची गाठ अमरावतीहून लिव्हरपूलला जाईपर्यंत तिच्यासोबत कागदांची एक साखळी जात असे. ती थोडी समजून घेतली पाहिजे, कारण आजची मालवाहतूकही त्याच साखळीवर चालते.

पहिली कडी रेल्वेची पावती, म्हणजे आपली बिल्टी. माल कुणी दिला, कुणाला द्यायचा, किती नग, किती वजन, भाडे भरले की पलीकडे घ्यायचे, एवढे तिच्यावर असे. पण तिच्या जोडीला आणखी एक कागद होता, 'रिस्क नोट'. १८९० च्या रेल्वे कायद्याने तिला मान्यता दिली होती. व्यापाऱ्याला कमी भाड्यात माल पाठवायचा असेल तर त्याने या कागदावर सही करायची, म्हणजे जोखीम मालकाची. त्यातल्या एका नमुन्यात तर असे होते की पूर्ण नगच हरवला आणि तो रेल्वेच्या जाणूनबुजून केलेल्या हयगयीने किंवा तिच्या नोकरांच्या चोरीने हरवला असे ठरले तरच रेल्वे जबाबदार. माल भिजला, फाटला, निम्मा गेला तर बोलायचे नाही. स्वस्त भाड्याच्या मोहाने ज्यांनी सही केली त्यातल्या किती जणांनी तो मजकूर वाचला असेल?

दुसरी कडी जहाजाची. जहाजात माल चढला की कप्तान किंवा त्याचा एजंट 'बिल ऑफ लेडिंग' देतो. आपण तिला जहाजी बिल्टी म्हणू. ती तीन कामे करते. माल मिळाल्याची ती पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा ती पुरावा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालावरचा हक्क तिच्यात असतो. माल समुद्रात असतानाही नुसता कागद पाठीमागे सही करून दुसऱ्याला देता येतो, आणि कागदाबरोबर माल विकला जातो. हिंदुस्थानात याचा कायदा १८५६ साली झाला. तब्बल १६९ वर्षे तो टिकला आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला.

या जहाजी बिल्टीत दोन शब्दांना फार किंमत आहे. 'क्लीन' म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाला, कसलाही शेरा नाही. आणि शेरा असेल तर ती बिल्टी 'क्लीन' राहत नाही, बँक तिच्यावर सहसा पैसे देत नाही. आमच्या विद्यार्थ्याने कोरा सोडलेला रकाना तो हाच. त्याने न लिहिता 'क्लीन' पावती दिली होती. ही रीत किमान दोनशे वर्षांची आहे, आणि ती न कळल्याची किंमत त्याने अकोल्यात मोजली.

आपल्याकडे हे काहीच नव्हते असे मात्र कुणी समजू नये. हुंडीच्या अनेक प्रकारांत 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार होता. मालावर काढलेली ही हुंडी माल सुखरूप पोचला तरच वटायची. जहाज बुडाले तर हुंडीवाल्याचे पैसे बुडाले. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात. अरब व्यापाऱ्यांमध्ये 'सुफतजा' नावाचा कागद होता. प्रवासात रोकड न बाळगता दुसऱ्या शहरात पैसे मिळावेत यासाठी तो वापरला जाई. इंग्रजांनाही देशी कागदांची दखल घ्यावी लागली. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या पहिल्याच कलमात पौर्वात्य भाषांतल्या कागदांबाबतचा स्थानिक रिवाज राखून ठेवला आहे. पण वहिवाट राखली म्हणून बाजार राखला गेला नाही. समुद्रापारच्या व्यापाराची भाषा इंग्रजी झाली ती झालीच.

'पीअरलेस' नावाची दोन जहाजे

शब्द सैल राहिला तर काय होते याची एक गोष्ट इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत अजूनही शिकवतात, आणि तीही हिंदुस्थानी कापसाचीच आहे. १८६४ साली लंडनच्या न्यायालयात रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस असा खटला चालला. रॅफल्सने विचेलहाउसला सुरती कापसाच्या १२५ गाठी विकल्या होत्या. भाव पौंडाला सव्वासतरा पेन्स. प्रत धोलेऱ्याची. करारात लिहिले होते की माल मुंबईहून 'पीअरलेस' जहाजाने येईल.

गंमत अशी की मुंबईहून 'पीअरलेस' नावाची दोन जहाजे निघणार होती. एक ऑक्टोबरात, दुसरे डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरचे होते, विकणाऱ्याच्या मनात डिसेंबरचे. डिसेंबरच्या जहाजाने कापूस आला तेव्हा घेणाऱ्याने तो नाकारला. न्यायालयाने निकाल घेणाऱ्याच्या बाजूने दिला. पुढच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ असा लावला की दोघांच्या मनात एकच गोष्ट नव्हती, म्हणून करारच झाला नाही.

दोन्ही पक्ष लिहिणारे-वाचणारे इंग्रज बाजारातले. इंग्रजी त्यांच्या रोजच्या व्यवहाराची भाषा. तरी एक महिन्याचे नाव लिहायचे राहिले आणि १२५ गाठींचा सौदा मोडला. मग ज्यांना ती भाषाच येत नव्हती त्यांचे काय झाले असेल याचा विचार करावा.

व्यापारी इंग्रजी म्हणजे भारदस्त इंग्रजी नव्हे, हा या गोष्टीतला धडा आहे. जुन्या पेढ्यांच्या पत्रांत 'आपले कृपापत्र पावले', 'आम्ही विनयपूर्वक कळवतो' अशा थाटाची वाक्ये असत. आपल्या उर्दू-फारसी पत्रलेखनातही अल्काब-आदाबचे मोठे स्तोम होते. मिर्झा गालिबने ते बाजूला सारून समोर बसून बोलावे तशी पत्रे लिहिली आणि उर्दू गद्याला नवे वळण दिले. व्यापारी इंग्रजीलाही तसाच साधेपणा आला. आज चांगले व्यापारी पत्र म्हणजे कोणते? माल कोणता, किती, केव्हा, कुठे, कोणाच्या जोखमीवर आणि पैसे कधी, एवढे जे निःसंदिग्ध सांगते ते. यासाठी शेक्सपिअर लागत नाही. दोन-तीनशे शब्द आणि काळजी लागते.

आपलेच शब्द, परक्या कपड्यात

आमच्या मुलांना या भाषेची भीती वाटते. म्हणून वर्गात आम्ही त्यांना काही शब्दांची घराणी सांगू लागलो, आणि त्यांचे चेहरे बदललेले पाहिले.

'कॉटन' हा शब्दच मुळी अरबी 'कुत्न'. 'टॅरिफ' म्हणजे दरपत्रक, तो अरबी 'तारीफ', म्हणजे माहिती देणे, ओळख करून देणे. आपण ज्याला स्तुती म्हणतो तीच तारीफ. मालाच्या एकूण वजनातून पेटीचे, गोणीचे वजन वजा करतात त्याला इंग्रजीत 'टेअर' म्हणतात. तो अरबी 'तरह', म्हणजे बाजूला टाकणे, टाकलेले. मुशायऱ्यात शायरांपुढे एक मिसरा टाकतात आणि त्यावर गझला होतात, त्या तरही मुशायऱ्यातली 'तरह' हीच. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला तर ते नुकसान सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचे, या नियमाला 'जनरल ॲव्हरेज' म्हणतात. हा 'ॲव्हरेज' बहुतेक कोशकारांच्या मते अरबी 'अवार', म्हणजे खराबी, या शब्दाकडून आला. 'मॅगेझिन' म्हणजे मूळचे कोठार, अरबी 'मखजन'; आपल्या 'खजिन्या'चे भावंड. 'मॉन्सून' म्हणजे 'मौसम'. जहाजावरचा 'लास्कर' म्हणजे 'लश्कर' आणि त्यांचा म्होरक्या 'सेरंग' म्हणजे फारसी 'सरहंग'. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत हे दोन शब्द आजोबा-पणजोबांच्या आठवणींत आहेत.

आणि मराठीही यात मागे नाही. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव 'कँडी'वर बोलला जातो. ही कँडी म्हणजे आपली खंडी. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि निर्यातीची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे बरोबर अर्धी खंडी. पौंड गेले, किलो आले, तरी कापसाचा भाव अजून खंडीवरच निघतो.

ही यादी फुशारकीसाठी नाही. 'आमच्या पूर्वजांनीच सगळे शोधले' असे म्हणून हातावर हात ठेवून बसणे ही आपली जुनी खोड आहे. शब्द आपले होते, पण पुढच्या काळात कागद दुसऱ्याच्या हातात गेला. का गेला, हा खरा प्रश्न आहे.

कागद कुणाच्या हातात होता

वऱ्हाडच्या कापसाच्या साखळीत मुसलमान पहिल्यापासून होते. कापूस पिंजणारे पिंजारी ज्या 'नद्दाफ' नावाने ओळखले जातात तो अरबी शब्द, त्याचा अर्थच कापूस पिंजणारा. आपल्यातले कित्येक स्वतःला मन्सूरी म्हणवतात, ते ज्या मन्सूर हल्लाजचे नाव घेतात त्याच्या नावातला 'हल्लाज'ही कापूस पिंजणारा, सरकी काढणाराच. गाडीवान होते, हमाल होते, पुढे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत मजूर झाले. बाळापूर, अचलपूरकडे विणकर होते. मेमन आणि बोहरा समाजांतले व्यापारीही होते, त्यांनी हिशेबाची आणि पत्रव्यवहाराची भाषा वेळीच आपलीशी केली. बाकीच्या समाजाने माल उचलला, लादला, उतरवला. कागद मात्र दुसऱ्या टेबलावर लिहिला गेला.

खामगावात युरोपातल्या पेढ्यांचे एजंट बसले. स्वित्झर्लंडच्या विंटरथुर गावी आणि मुंबईत १८५१ साली एकाच वेळी सुरू झालेली फोल्कार्ट ब्रदर्स ही त्यातली एक. ते, त्यांचे दलाल आणि अडते तार वाचत आणि भाव बोलत. वजनात कडता, धर्मादाय, हमाली, दलाली अशा कपाती होत. बाजाराला शिस्त लागावी म्हणून १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आणला गेला, आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांचा इतिहास येथून सुरू होतो, याचा वऱ्हाडला अभिमान वाटावा. पण त्याच १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच काळ्या मातीत माणसे अन्नाला मोताद झाली. कापूस रोखीचे पीक खरे, पण त्या रोखीचा भाव ज्या भाषेत ठरत होता ती भाषा पिकवणाऱ्याची नव्हती.

या ठिकाणी आम्हाला कुरआन शरीफमधील सूरह अल्-बकरातील २८२ वी आयत आठवते. ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याचा कागद. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. त्यातली एक गोष्ट आमच्या मनात घर करून आहे. मजकूर सांगण्याचा हक्क तिने देणेकऱ्याला दिला आहे. ज्याच्यावर बोजा आहे त्यानेच शब्द सांगायचे. आणि तो सांगू शकत नसेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने सांगायचे.

वऱ्हाडात याच्या उलट झाले. ज्याच्यावर बोजा होता त्याने अंगठा दिला, आणि शब्द दुसऱ्याने सांगितले. आपण तिलावत करत राहिलो आणि बाजारात कोऱ्या कागदावर अंगठे उठवत राहिलो. या विसंगतीवर आपल्या मंडळींनी विचार केला पाहिजे.

आता काय करायचे

शकुंतलेची चाके गेल्या काही वर्षांत थांबली. लिव्हरपूलला 'ऊमरा' कुणी पुकारत नाही. पण मालवाहतूक थांबलेली नाही, उलट वाढली आहे. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि डब्यात बंद झालेला माल ट्रकच्या पाठीवरून थेट जहाजावर जाऊ लागला. अकोला-अमरावतीच्या मुस्लिम वस्त्यांत ट्रकचालक, क्लीनर, मेकॅनिक, बुकिंगचे कारकून किती आहेत हे वेगळे सांगायला नको. काही पोरे आखातात गोदामांत, बंदरांवर काम करतात. कागद पुन्हा त्यांच्या हातात आला आहे. प्रश्न एवढाच की तो त्यांना वाचता येतो का?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, उर्दू शाळांतही आहे. तरी आमच्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलाला ट्रकच्या बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' म्हणजे मालकाची जोखीम हे कळत नाही. 'सेड टू कन्टेन' म्हणजे आत काय आहे ते पाठवणारा सांगतो, आम्ही उघडून पाहिलेले नाही, हे कळत नाही. रेल्वेत 'डेमरेज' हा वाघीण अडकवून ठेवल्याचा दंड आणि 'व्हार्फेज' हा माल आवारात पडून राहिल्याचा, हा फरक कळत नाही. 'एफओबी' म्हणजे ठरलेल्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची आणि नंतर घेणाऱ्याची, हे माहीत नसते. असे शब्द जगभर एकाच अर्थाने वापरले जावेत म्हणून पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३६ साली नियम छापले, आणि अगदी २०२० सालीही त्यांची नवी आवृत्ती काढली. म्हणजे 'पीअरलेस'चा धडा जग अजून गिरवते आहे.

रस्त्याच्या वाहतुकीला १८६५ चा कायदा होता, त्याच्या जागी २००७ चा आला. त्याप्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, मगच दावा चालतो. लेखी, हा शब्द महत्त्वाचा. तोंडी भांडण कितीही जोरात केले तरी ते कायद्याला ऐकू येत नाही.

आम्ही आमच्यापुरते एक छोटे काम सुरू केले आहे. नववी-दहावीच्या वर्गात आठवड्यातून एक तास आम्ही जुन्या बिल्ट्या, पावत्या, चलने फळ्यावर उतरवतो. प्रत्येक रकान्याचा अर्थ आधी उर्दूत, मग मराठीत, मग इंग्रजीत. मुले एकमेकांना माल पाठवतात, एक जण मुद्दाम पेटी फोडतो, आणि दुसऱ्याने शेरा लिहायचा. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. पाठ्यपुस्तक बाजूला पडते असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. आमचे उत्तर असे की गायीवरचा निबंध मुलाला परीक्षेत चार गुण देईल, पण शेऱ्याचे तीन शब्द त्याचा पगार वाचवतील. दोन्ही शिकवू या.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो, की मादरी जबान सोडून इंग्रजीचे कौतुक कशाला? आम्ही उर्दूचेच शिक्षक आहोत, उर्दू सोडा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. ज्या मुलाला अर्थ आपल्या भाषेत पक्का कळतो, त्यालाच तो परक्या भाषेत पकडता येतो, हा आमचा रोजचा अनुभव आहे. उर्दू ही या कामातली अडचण नाही, ती शिडी आहे. मराठी ही बाजाराची आणि शेजाऱ्याची भाषा आहे. इंग्रजी ही कागदाची आहे. वऱ्हाडच्या मुसलमानाला या तिन्ही लागतात.

जुन्या इंग्रजी जहाजी बिल्ट्यांची सुरुवात देवाच्या कृपेच्या उल्लेखाने होई, आणि शेवटी जहाज इच्छित बंदराला सुखरूप पोचो, आमेन, असे लिहिलेले असे. हजरत नूह यांची नाव अल्लाहच्या नावाने चालल्याचा आणि थांबल्याचा उल्लेख सूरह हूदमध्ये आहे. दोघांचीही श्रद्धा खरी. पण त्या बिल्टीत आमेनच्या अगोदर नगांची संख्या, वजन, भाडे आणि कप्तानाची सही असे. दुआ शेवटी होती, रकाने आधी भरलेले होते.

तो आमचा विद्यार्थी आता दुसऱ्या कचेरीत आहे. मागच्या रमजानमध्ये भेटला तेव्हा त्याने खिशातून एका बिल्टीची कार्बनप्रत काढून दाखवली. रिमार्क्सच्या रकान्यात त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात इंग्रजीत लिहिले होते : दोन पेट्या फुटलेल्या, माल चढवण्यापूर्वी.